तुमचं तुमी बघा

"उद्यापासून फुटकळ निर्णय घेणं बंद!" अजीजभाई कागदींनी उंबऱ्यात चपला काढता काढता जाहीर केलं. "मोठे तेवढे माझ्याकडं. बारीकसारीक ज्याचं त्यानं ठरवायचं. सिस्टीम म्हणतात याला, सिस्टीम!"

जोहराबी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताटातून मान वर केली नाही.

"आधी त्या चपला आत ठेवायच्या का बाहेर, ते ठरवा," त्या म्हणाल्या. "मागच्या जोडातली एक कुत्रं घेऊन गेलंय."

अजीजभाईंनी चपला आत घेतल्या. हा फुटकळ निर्णय होता, पण सिस्टीम उद्यापासून लागू होणार होती.

आता अजीजभाई कोण ते सांगतो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत तुमच्या घरी लग्न, बारसं किंवा साखरपुडा झाला असेल, तर तुमच्या डोक्यावरचं कापड बहुधा अजीजभाईंचं होतं. पूर्वजांचा धंदा कागदाचा, म्हणून आडनाव कागदी. वडिलांनी बांबू आणि दोरी हातात घेतली, तेव्हापासून घरात कागद फक्त बिलापुरता उरला. आज त्यांच्याकडं ढीगभर माणसं, दोन टेम्पो, जनरेटर आणि एक मोबाइल आहे. यातलं सगळ्यात जास्त काय झिजलंय म्हणाल, तर अजीजभाई.

कारण माणसं सगळं विचारायची. सगळं म्हणजे सगळं! "मालक, पडदा निळा लावू का गुलाबी?" "मालक, खड्ड्यात दगड लागलाय, वीतभर सरकू का?" "मालक, सतरंजीवर नवरदेवाचा आजा झोपलाय, त्याला उठवू का बाकीची गुंडाळू?" एकदा दाताच्या डॉक्टरकडं आ वासून बसलेले असताना अजीजभाईंनी व्हिडिओ कॉलवर बोटांनी खूण करून कमानीचा रंग ठरवला. पलीकडच्यांना ती खूण 'तीन पंखे' अशी दिसली. तीन पंखे लागले, कमान तशीच राहिली, आणि दाढ भलतीच काढली गेली असा अजीजभाईंना आजतागायत संशय आहे.

मांडव घालून आलेला शीण झोपेनं उतरतो. 'हे का ते' याचा शीण उतरत नाही. अजीजभाई दमले होते. सकाळी उठायच्या आधीच दमलेले असायचे.

त्यातच मंचरला मंडपवाल्यांच्या संघटनेचा मेळावा झाला. दुपारच्या जेवणानंतर पुण्याहून आलेल्या एका वक्त्यांचं भाषण होतं, विषय 'नेतृत्व आणि निर्णयक्षमता'. भर एप्रिलात त्यांनी कोट घातला होता. मासवडी आणि रस्सा हाणून अख्खा हॉल पेंगत होता. अजीजभाईही पेंगत होते. तेवढ्यात वक्ते कडाडले, "जो सगळे निर्णय स्वतः घेतो तो नेता नसतो! तो एसटी स्टँडवरची चौकशी खिडकी असतो!"

अजीजभाई ताडकन जागे झाले. या माणसाला आपल्या घरचं कसं कळलं?

"तुमचा माणूस विचारायला आला, की उत्तर देऊ नका," वक्ते पुढं म्हणाले. "शांत, प्रेमळ आवाजात म्हणा, 'निर्णय तुझा.' मग बघा, माणूस कसा फुलतो!"

अजीजभाई भारावून परतीच्या एसटीत बसले. अडचण एकच होती. 'निर्णय तुझा' हे जुन्नरच्या जिभेला जमणारं नव्हतं. तसं बोलले असते, तर माणसांनी मालकांना ऊन लागलं म्हणून डोक्यावर कांदा चोळला असता. म्हणून नारायणगाव येईपर्यंत त्यांनी वक्त्यांचा सगळा अर्थ आपल्या बोलीत बसवला. वाक्य तयार झालं: "तुमचं तुमी बघा."

इथंच घात झाला!

मंडळी, हे वाक्य तुमच्या घरात शेवटचं कधी बोललं गेलं ते आठवून बघा. पोरानं परस्पर लग्न जमवलं तेव्हा बाप म्हणाला असेल. वाटणीत बांधावरून वाजलं तेव्हा थोरला भाऊ म्हणाला असेल. सासूनं किल्ल्यांचा जुडगा सुनेपुढं टाकला, तेव्हाही हेच. या वाक्यानंतर घरात दोन दिवस भांडंसुद्धा हळू ठेवतात. 'आता माझा-तुमचा संबंध संपला' हे सभ्य भाषेत सांगायचं असेल, तर मराठी माणूस एवढंच म्हणतो. अजीजभाईंनी स्वतः हे वाक्य धाकट्या भावाला एकदा ऐकवलं होतं, आणि तो उठून भिवंडीला गेला तो तिकडचाच झाला. पण दमलेल्या माणसाला असलं काही वेळेवर आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन बहिरूचा आला. बहिरू घाटघरचा. वानरानं हेवा करावा असा खांबावर चढायचा, आणि बोलायचाही तिथूनच.

"मालक, कमानीला झेंडू लावू का कापडी फुलं?"

अजीजभाईंनी डोळे मिटले. आवाजात होती नव्हती तेवढी माया ओतली. "बहिरू, तुमचं तुमी बघा."

"मालक... आमचं काय चुकलं का?"

"न्हाई रे बाळा. काय चुकलं न्हाई. तुमचं तुमी बघा."

बाळा! ज्या माणसानं बहिरूला आजवर 'ए गाढवा' यापलीकडं हाक मारली नव्हती, त्यानं 'बाळा' म्हटल्यावर बहिरूला खांबावर थांबवेना. तो खाली उतरला आणि थेट कपिलकडं गेला. कपिल लायटिंग आणि स्पीकर सांभाळायचा.

"मालक गोड बोलले," बहिरू म्हणाला.

"गोड?" कपिलच्या हातातली वायर गळाली. "मग कायतरी कळलंय त्यांना."

"काय कळलंय?"

"ते ठावं असतं तर मी हितं उभा ऱ्हायलो असतो का?"

खात्री करायला कपिलनं 'कागदी मंडप परिवार' या व्हॉट्सॅप ग्रुपवर विचारलं, "मालक, मंचरच्या लग्नाला जनरेटर एक का दोन?" उत्तर लगेच आलं. "तुमचं तुमी बघा." आणि त्याखाली हात जोडल्याचं चित्र! अजीजभाईंच्या मनात ते 'आभारी आहे' अशा अर्थी होतं. ग्रुपनं ते 'येतो आता' अशा अर्थी घेतलं.

"हात जोडलेत राव!" बहिरू म्हणाला. "सोडलं आपल्याला."

दुपारी कपिल अजीजभाईंच्या दारात उभा. मान खाली.

"मालक, स्पीकर मीच नेलता. दोस्ताच्या वाढदिवसाला. तवापासनं खरखरतोय त्यो."

या खरखरीपायी अजीजभाई दुरुस्तीवाल्याशी अख्खा हिवाळा भांडले होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण सिस्टीमचा पहिलाच दिवस होता. 

"बरं. आता त्याचं काय करायचं, तुझं तू बघ."

कपिलचा चेहरा पडला. एक मुस्कटात बसली असती तर तो शिट्टी वाजवत गेला असता. आता तो रडवेला होऊन गेला, आणि जाताना त्यानं बहिरूला फोन केला, "सगळं कबूल कर, त्यांना समदं म्हाईत हाय!" मग बहिरूनं कबूल केलं. घाटघरच्या त्याच्या गोठ्यावर ज्या दोन ताडपत्र्या आहेत, त्यांवर आतल्या बाजूनं 'कागदी मंडप, जुन्नर' असं लिहिलेलं आहे. टेम्पोवाल्यानं कबूल केलं, की मागल्या दिवाळीत टेम्पो बंद पडला नव्हता, तो सासुरवाडीला गेला होता. सगळ्या हयातीत अजीजभाईंना आपल्या धंद्याबद्दल कळलं नव्हतं, तेवढं त्या एका दुपारी कळलं. सिस्टीम नामी होती, पण रक्तदाबाला सोसत नव्हती.

घरातही तेच. (कागदींच्या घरची बोली अर्धी दखनी, अर्धी जुन्नरी. मी सगळं जुन्नरीत सांगतोय, समजून घ्या.) जोहराबींनी विचारलं, "मेथी करू का शेपू?"

"तुझं तू बघ, जोहरा," अजीजभाई मायेनं म्हणाले.

जोहराबींनी हातातली जुडी खाली ठेवली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"काय?"

"शेरवानीचं! हो, दिली मी बोहारणीला तुमची बदामी शेरवानी. कढई घेतली. तुमच्या पोटावर बटण तरी लागत होतं का तिचं? एवढ्यासाठी मला 'तुझं तू बघ'?"

अजीजभाई काही बोलायच्या आत त्यांनी मंचरला भावाला फोन लावला. भाऊ दानियाल, बटाट्याचा व्यापारी. "उद्या सकाळी ये," त्या म्हणाल्या, "तुझ्या दुल्हेभाईंनी हात वर केलेत."

मग मंचरहून वैजयंतीबाईंचा फोन. रविवारी त्यांच्या लेकीचं, अक्षदाचं लग्न होतं. घराशेजारच्या मोकळ्या रानात मांडव, हंगामातलं सगळ्यात मोठं काम.

"अजीजभाऊ, स्टेजचं तोंड पूर्वेला ठिवायचं का रस्त्याकडं?"

"ताई, तुमचं तुमी बघा."

"म्हंजी? तुमी येत न्हाई का काय?"

"तसं न्हाई ताई. तुमच्या घरचं कार्य, तुमीच बघायला पायजे!" असं म्हणून अजीजभाईंनी प्रेमानं फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत ही बातमी ओतूरला नवरदेवाकडं पोचली, की मांडववाल्यानं अंग काढून घेतलं. मांडववाला म्हणजे घराघरांत जाणारा माणूस, त्याला आतलं ठाऊक असणार. मग त्यानं का काढून घेतलं? मुलीकडं कायतरी असंल! नवरदेवाच्या आत्यानं तर 'थोडं थांबू' असंही सुचवून टाकलं.

आणि सगळ्यात शेवटी भागुजी.

भागुजी म्हणजे अजीजभाईंच्या धंद्याचा मधला खांब. दोघांना मिसरूड फुटायच्या आधी अजीजभाईंच्या वडिलांनी एकत्रच पहारी हातात दिल्या होत्या. एका डब्यातली भाकरी खाऊन दोघं खड्डे खणायला शिकले. पुढं एक मालक झाला, एक मुकादम, पण रोजचा रामराम बदलला नाही. भागुजी बौद्ध, अजीजभाई मुसलमान. म्हणून अजीजभाई 'जय भीम' म्हणायचे आणि भागुजी 'सलाम' म्हणायचे. समोरच्याचं समोरच्याला द्यायचं, अशी त्यांची रीत होती.

भागुजी गोडाऊनवर आले. "मालक, मंचरला मुहूर्तमेढ उद्या रोवू का परवा?"

"भागुजी, तुझं तू बघ."

भागुजींकडं कबूल करायला काहीच नव्हतं. ना स्पीकर, ना ताडपत्री. "बरं," ते म्हणाले आणि सायकल काढून गेले.

दिवेलागणीला त्यांची बायको द्रौपदाबाई आल्या आणि गोडाऊनची किल्ली जोहराबींच्या हातात ठेवून म्हणाल्या, "ह्यांनी दिलीय. म्हणले, ज्याची त्याला दिऊन ये." चहाला थांबल्यासुद्धा नाहीत.

अजीजभाईंनी ती किल्ली जोहराबींकडून घेऊन खिशात टाकली. भागुजी नाही म्हणजे माणसं नाहीत. माणसं भागुजींच्या मागं जायची. माणसं नाहीत म्हणजे मंचरचा मांडव नाही, आणि मांडव नाही म्हणजे ओतूरच्या आत्याबाई खऱ्या ठरणार. नारायणगावचा एक मंडपवाला भागुजींच्या मागं किती वर्षं लागला होता, तेही सगळ्यांना माहीत होतं. पण खरं सांगायचं तर अजीजभाईंना धंद्याचं तितकं वाटलं नाही. धंदा गेला असता तर त्यांनी किराणा दुकान टाकलं असतं. भागुजी गेले तर काय टाकणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी अजीजभाई भागुजींकडं निघाले, तर दारातच मंडळी! दानियाल पेढ्यांचा पुडा घेऊन, वैजयंतीबाई डोळ्यांत पाणी घेऊन, कपिल खरखरता स्पीकर घेऊन आणि बहिरू डोक्यावर दोन ताडपत्र्या घेऊन. त्या ताडपत्र्यांना शेणाचा वास होता, पण त्या वेळी तो बोलण्याचा विषय नव्हता. सगळे आत आले, बैठक बसली.

"दुल्हेभाई," दानियालनं सुरुवात केली, "मनात काय असेल ते बोलून टाका."

"मनात काय न्हाई."

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. "लई लागलंय," बहिरू कुजबुजला.

"अरे, मी रुसलेलो न्हाई!"

"तसं कोण म्हणतंय भाऊ?" वैजयंतीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पर आमचं काय चुकलं त्ये कळाया नगं का?"

"कुणाचं काय चुकलं न्हाई! मी तुमाला अधिकार दिला, अधिकार! मी रागावलेलो नाही!!" शेवटचं वाक्य एवढं मोठ्यानं निघालं, की शेजारची खिडकी उघडली.

"बघा," जोहराबी सगळ्यांना म्हणाल्या. "कालपासून असंच चाललंय."

रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते. न रुसलेल्या माणसाची कशी काढणार? तो माणूस रुसल्याचं कबूल करेपर्यंत ही माणसं उठणार नव्हती, हे अजीजभाईंना कळून चुकलं. तिकडं भागुजींचं घर दूर दूर चाललं होतं. शेवटी निर्णयक्षमता पणाला लावून अजीजभाईंनी पहिली सुचली ती तक्रार ठोकून दिली.

"चहात साखर नसते!"

"डॉक्टरांनी बंद केलीय," जोहराबी म्हणाल्या.

ती तक्रार फेटाळली गेली. अजीजभाईंनी दुसरी काढली. "माझ्या वाढदिवसाला ग्रुपवर कुणीच काय बोललं न्हाई!"

एकदम हायसं वाटलं सगळ्यांना! एवढंच होय? कपिलनं कपाळावर हात मारला, बहिरूनं पाया पडायला वाकताना एक ताडपत्री पेढ्यांवर पाडली, दानियालनं मिठी मारली. अजीजभाईंचा वाढदिवस थंडीत असतो आणि तो होऊन गेल्याला चार महिने झाले होते, पण ते विचारण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. "रविवारी मांडव आपलाच, ताई. ओतूरला तसा फोन करा," असं वैजयंतीबाईंना सांगून अजीजभाई निसटले. त्यांच्या पाठीमागं कपिल फ्लेक्सवाल्याला फोन लावत होता. दुपारी जुन्नरच्या नाक्यावर अजीजभाईंचा काळा चष्मा घातलेला फोटो झळकला, 'वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा'. त्यानंतर रोज जेवढे फोन यायचे, त्याच्या दुप्पट सुरू झाले.

भागुजींच्या घरी मात्र फ्लेक्सनं भागणार नव्हतं.

"जय भीम, भागुजी," अजीजभाई ओट्यावरून म्हणाले.

"नमस्कार," भागुजी म्हणाले.

नमस्कार! हा शब्द भागुजी तलाठ्यासाठी राखून ठेवत. कुणी 'बसा' म्हणायच्या आत अजीजभाई पायरीवरच बसले.

"रागावलास?"

"मी कशापायी रागवू? तुमी मालक. तुमी म्हणलात, तुझं तू बघ. बघतोय."

"अरे, मी प्रेमानं म्हणलं व्हतं!"

"माझी सासू पण आमाला घरातनं वायलं काढताना आसंच प्रेमानं म्हणली व्हती," आतून द्रौपदाबाईंचा आवाज आला.

मग अजीजभाईंनी सगळं सांगितलं. मेळावा, मासवडी, कोटवाले वक्ते, चौकशी खिडकी, निर्णयक्षमता, माणूस फुलतो. भागुजी ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. सांगता सांगता अजीजभाईंची वाक्यं संपली. सिस्टीम संपली. उरलं ते त्यांनी तसंच सांगितलं.

"भागुजी, मी दमलोय रे. लई दमलोय. फोन वाजला की त्यो विहिरीत टाकावासा वाटतो. झोपेत पण माणसं इचारतात, निळा का गुलाबी. मला तुला घालवायचा नव्हता. मला नुसतं जरा बसायचं व्हतं."

भागुजींनी मान वळवून रस्त्याकडं पाहिलं. रस्त्यावर काही नव्हतं, तरी बराच वेळ पाहिलं.

"अज्या," ते म्हणाले. अजीजभाईंचे वडील गेल्यापासून या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती. "गाढवा, मग 'दमलोय' म्हणायचं की! त्याला कोटवाला कशाला लागतोय?"

अजीजभाईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. दोन्ही एकदम आल्यानं त्यांना ठसका लागला. द्रौपदाबाई पाणी घेऊन आल्या, पाठोपाठ चहाही आला. भागुजींनी अजीजभाईंच्या खिशात हात घालून किल्ली स्वतःच काढून घेतली.

"आता तू बस घरी. रविवारी तुला मांडवावरनं एक फोन यायचा न्हाई. म्या सगळ्यांना सांगतो."

आणि खरंच आला नाही!

रविवारी सकाळी अजीजभाई उशाला लोड घेऊन मोबाइलशेजारी पडले. किती वर्षांनी असं पडले होते! पंधरा-वीस मिनिटं फार सुखाची गेली. मग त्यांनी मोबाइल उचलून रेंज पाहिली. मग चार्जिंग पाहिलं. मग जोहराबींना आतून फोन लावायला सांगितला.

"वाजतोय," जोहराबी म्हणाल्या.

"वाजतोय खरा," अजीजभाई म्हणाले. फोन येत होते, पण वाढदिवसाचे. खेडहून कुणी, घोडेगावहून कुणी. मांडवावरून एकही नाही. पडदा कुठला लावला असेल? स्टेजचं तोंड कुठं केलं असेल? दगड लागला असेल तर कुणीकडं सरकले असतील? उन्हं वर आली तेव्हा त्यांच्यानं राहवेना. त्यांनी बहिरूला फोन लावला.

"बहिरू, कमानीला काय लावलं रं? झेंडू का कापडी?"

"मालक, तुमी आराम करा," बहिरू खांबावरून उत्साहानं ओरडला. "आमचं आमी बघतो!"

फोन बंद झाला. अजीजभाई मोबाइलकडं बघत राहिले. आपण त्या दिवशी गावभर काय वाटत फिरत होतो, ते त्यांना आत्ता कळलं. पोराच्या वाक्यात वाईट काही नव्हतं. तरी छातीत कुणीतरी बोट खुपसल्यासारखं झालं.

"मी जरा नारायणगावपर्यंत जाऊन येतो. सहज," ते म्हणाले.

"मंचरला जाताय ना? दानियालकडं कढईभर बिर्याणी पोचवा मग," जोहराबी म्हणाल्या.

अजीजभाई बिर्याणी पोचवून मांडवात शिरले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. ओतूरच्या आत्याबाई पहिल्या रांगेत बसून सगळ्यांना 'मी तर आधीपासून हो म्हणत होते' असं सांगत होत्या. मांडव उभा होता. नुसता उभा नव्हता, देखणा उभा होता. निळा नाही, गुलाबी नाही, पोरांनी हिरवा पडदा लावला होता. हिरवा! अजीजभाईंनी हयातीत हिरवा लावला नसता. आणि तो दिसत होता झकास. त्यांना आनंद झाला, आणि त्या आनंदानं जीव थोडा खट्टू झाला.

ते मागं एका खुर्चीवर जाऊन बसले, उभ्या पंख्याशेजारी. बाजूच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पावणं, मुलाकडचं का मुलीकडचं?"

एवढे मांडव घातले, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. अजीजभाईंनी बराच विचार केला. "दोनीकडचा," ते शेवटी म्हणाले. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं संशयानं पाहिलं आणि आपली खुर्ची थोडी लांब सरकवली.

भागुजींना ते लांबूनच दिसले. भागुजी स्टेजजवळून निघाले, कपिलला काहीतरी सांगत, बहिरूला हातानं थांबवत, पंगतीतून वाट काढत सरळ त्यांच्यापाशी आले. गळ्यातल्या पंच्यानं घाम पुसला. चेहरा अगदी गंभीर.

"सलाम मालक. बरं झालं आलात. एक लई अडलंय."

"काय?" अजीजभाई अर्धे उठलेच.

"ह्यो पंखा. एकवर ठिवू का दोनवर? पोरांना ठरवता येईना."

अजीजभाईंनी पंख्याकडं पाहिलं. मग मांडवाकडं, मग पंगतीकडं, मग वाऱ्याची दिशा पाहिली. घसा खाकरला.

"दोनवर ठेव."

"बराबर," भागुजी म्हणाले. पंख्याचं बटण दोनवरच होतं. भागुजींनी ते एकवर नेलं, पुन्हा दोनवर आणलं आणि दोन पावलं मागं सरून पंख्याकडं बघत मान डोलवली. "हां! आता कसं!"

"बघ," अजीजभाई खुर्चीत ऐसपैस टेकत म्हणाले, "मला आधीच विचारलं असतं, तर एवढा खोळंबा झाला असता का?"